बर्फावरचे पाय उन्हाळ्यात घडतात

सिंहगड चढून गेलेला माणूस दमतो, घाम पुसतो, झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खातो आणि पुन्हा ताजातवाना होतो. खरी गंमत उतरताना असते. पायथ्याशी येईपर्यंत मांड्या थरथरायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना धाप लागते, पण पाय भरून येतात ते उतरण्यामुळे. असं का होतं हे समजलं, की स्कीइंग निम्मं समजलं.

चढताना मांडीच्या पुढचा मोठा स्नायू आखडत काम करतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. विहिरीतून भरलेला पोहरा वर ओढणं वेगळं आणि तोच जड पोहरा हातातून दोर सोडत, हिसका न बसू देता खाली सोडणं वेगळं. दुसऱ्या कामात धाप कमी लागते, पण तळहात सोलून निघतात. क्रीडाशास्त्रात या सोडत-सोडत केलेल्या कामाला एक्सेंट्रिक म्हणतात. सवय नसेल तर त्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या दिवशीचं ते दुखणं यातूनच येतं.

डोंगरावरून स्कीवर शर्यत करणारं मूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेच काम करत असतं. दूरदूर रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत उतरायच्या जायंट स्लॅलम या प्रकारात एकेका वळणावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला शंभर ते दीडशे किलो पेलायचे असतात, तेही बहुतांशी बाहेरच्या एकाच पायावर, आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या पायावर. शिवाय मोठ्या शर्यतींचा उतार आपल्याला फोटोत दिसतो तसा कापसासारखा नसतो. सगळ्या स्पर्धकांना सारखा टिकावा म्हणून तो पुष्कळदा पाणी मारून काचेसारखा कडक केलेला असतो.

माझी भाची अमेरिकेत कोलोरॅडोत वाढते. वय तेरा. गेल्या जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आजी, नंतर बोलू, मला ट्रेनिंगला जायचंय." साताऱ्याहून माझी आई म्हणाली, "अगं, जून महिन्यात कसलं ट्रेनिंग? बर्फ कुठाय?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर देता देता मलाच बरंच वाचावं लागलं, विचारावं लागलं. त्यातून हा लेख झाला.

दिवसाला सहा मिनिटांचा रियाज

आधी एक साधा हिशेब. मूल सकाळी साडेआठला डोंगरावर गेलं आणि साडेबाराला परत आलं, तर चार तास सराव झाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? लिफ्टमध्ये बसून वर जायचं, रांगेत उभं राहायचं, बोटं चोळायची, प्रशिक्षकाचं ऐकायचं, मग गेटांच्या म्हणजे त्या रंगीत काठ्यांच्या मधून चाळीस-पन्नास सेकंदांत खाली यायचं. पुन्हा लिफ्ट. चार तासांत अशा सात-आठ फेऱ्या झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. आठ फेऱ्या गुणिले पन्नास सेकंद म्हणजे सात मिनिटांच्याही आत.

गाणं शिकणाऱ्या मुलीला दिवसाला सहा-सात मिनिटंच रियाज करायला मिळाला, तर ती उरलेल्या वेळात काय करेल? पलटे मनात घोळवेल, श्वासाचे व्यायाम करेल, ऐकेल. स्कीपटूचंही तसंच. बर्फ महाग, दुर्मीळ आणि थोडा वेळ मिळणारा. मग जे जे बर्फाशिवाय शिकता येतं, ते सगळं बर्फाबाहेर उरकायचं, म्हणजे डोंगरावरची ती मोजकी मिनिटं फक्त स्कीच्या कडेवर झुकणं आणि वळणाची वेळ साधणं यासाठी वापरता येतात. बर्फाबाहेरच्या या तयारीला तिकडे ड्रायलँड म्हणतात.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मल्लखांबाचं नावच सांगतं की तो मल्लांसाठी होता. लवचीकपणा, पकड, चपळाई ही सामग्री आधी खांबावर कमवायची आणि मग मातीत उतरायचं. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं असं मानतात. तालमीत जोर, बैठका आणि सपाट्या मारणाऱ्या पैलवानाला "कुस्ती कुठंय?" असं कोणी विचारत नाही. स्कीइंगचा आखाडा मात्र आपण पाहिलेला नसतो, म्हणून प्रश्न पडतो.

वर्षाचं वेळापत्रक, शेतीसारखं

उत्तर गोलार्धात शर्यतींचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिलचा. वरवर पाहता उरलेले महिने मोकळे. पण शेतकऱ्याला विचारा, पीक नसलेल्या महिन्यांत काम नसतं का? नांगरणी, कुळवणी, खत ही कामं पावसाआधी झाली नाहीत तर पेरणीच्या दिवशी कितीही घाई केली तरी उपयोग नसतो. इथेही कामांचा क्रम ठरलेला आहे आणि त्या क्रमाला कारणं आहेत.

हंगाम संपला की आधी खरी विश्रांती, तीन-चार आठवडे. स्की गॅरेजमध्ये. नंतर उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने पाया घालण्याचे: सायकल, डोंगर चढणं-उतरणं, पोहणं, फुटबॉल आणि ताकदीचे व्यायाम. ताकद हळूहळू येते आणि आली की बराच काळ टिकते, म्हणून ती आधी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या ताकदीला वेग द्यायचा: उड्या, छोट्या जोरकस धावा, एकदम दिशा बदलणं. ताकदच नसेल तर वेग कशाला द्यायचा? म्हणून हे काम दुसऱ्या क्रमांकावर.

सगळ्यात शेवटी, शर्यती तोंडावर आल्यावर, जळजळ सहन करण्याचा सराव. ही जळजळ म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ पालकांचा इथे गैरसमज असतो. मुलं दमतात म्हणून त्यांना लांब पळवायचं, असं त्यांना वाटतं. पण एका मिनिटाच्या शर्यतीत स्नायूंकडचं झटपट वापरायचं इंधन पहिल्या दहा-एक सेकंदांत बरंचसं संपतं. मग स्नायू साखरेतून, पुरेशा ऑक्सिजनची वाट न बघता ऊर्जा काढू लागतात. त्यात भर म्हणजे स्कीपटू जवळजवळ पूर्ण वेळ अर्ध्या बैठकीत असतो. सतत आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, नवं रक्त कमी पोचतं आणि साचलेलं वाहून जात नाही. भिंतीला पाठ टेकवून अदृश्य खुर्चीवर मिनिटभर बसून पाहा, लगेच कळेल. शेवटच्या दहा वळणांत पाय ऐकेनासे होतात ते यामुळे, आणि पडण्याचा धोका वाढतो तोही तिथेच.

यावरचा जुना, सगळ्यांना धडकी भरवणारा सराव म्हणजे पेटीवरच्या उड्या. साधारण ४० सेंटिमीटर उंचीची पेटी. एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूला खाली, पुन्हा वर, असं साठ सेकंद, मोठ्यांना नव्वद. उड्या मोजायच्या. पहिल्या वीस सेकंदांतला आणि शेवटच्या वीस सेकंदांतला फरक बघितला की प्रशिक्षकाला त्या मुलाचा मोठ्या स्पर्धांचा फेब्रुवारी दिसतो. हा कस लवकर वाढतो आणि सोडला की लवकर जातोही, म्हणून त्याची जागा शेवटी. जूनमध्ये तेरा वर्षांच्या मुलांना ओकारी येईपर्यंत पेटीवर नाचवणारा प्रशिक्षक मला तरी कामसू वाटत नाही. त्याला वेळापत्रक कळलेलं नाही, एवढंच.

मग लांब पल्ल्याची सायकल कशासाठी? ती शर्यतीच्या त्या एका मिनिटासाठी नाहीच. ती दोन फेऱ्यांच्या मधल्या वीस मिनिटांसाठी आणि सलग चार दिवसांच्या सरावासाठी असते. दम चांगला असेल तर शरीर लवकर सावरतं, आणि आठवी फेरी पहिलीइतकीच नेटकी होते.

हंगाम सुरू झाल्यावर व्यायाम बंद, ही आणखी एक नेहमीची चूक. डिसेंबरपासून नुसत्या शर्यती आणि प्रवास केला तर उन्हाळ्यात कमावलेली ताकद फेब्रुवारीपर्यंत ओसरू लागते, आणि मोठ्या स्पर्धा नेमक्या तेव्हाच असतात. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो चुकवायचा नाही.

उन्हाळ्यातला बर्फ आणि पॉट आईस्क्रीम

तरीही काही जण उन्हाळ्यात बर्फ शोधत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, म्हणून मोठे संघ चिलीतल्या पोर्तियो किंवा ला पार्व्हाला, अर्जेंटिनातल्या उशुआयाला आणि न्यूझीलंडला जातात. युरोपात हिमनद्या आहेत: ऑस्ट्रियातली हिंटरटुक्स, स्वित्झर्लंडमधलं झर्मॅट, इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड. अमेरिकेत ओरेगनमधल्या माउंट हूडवर उन्हाळ्यातही बर्फाचा एक पट्टा उरतो आणि देशभरातली मुलं तिथे शिबिरांना येतात.

माउंट हूडची एक गोष्ट मला फार आवडते. उन्हाने बर्फ दुपारपर्यंत रबडीसारखा होतो, म्हणून तिथे उतारावर मीठ टाकतात. मिठाने बर्फ वितळतो हे आपण शाळेत शिकलो, मग हा उलटा उद्योग कशाला? पॉट आईस्क्रीम आठवा. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालून हँडल फिरवायचो. मीठ थोडा बर्फ वितळवतं, पण वितळण्यासाठी लागणारी उष्णता ते आजूबाजूच्या भागातून ओढून घेतं, म्हणून मधलं दूध गोठतं. उतारावरही हेच. वरच्या थरातलं पाणी खालच्या बर्फाच्या कणांमध्ये गोठतं आणि काही काळ पृष्ठभाग कडक होतो. तेवढ्या वेळात गेटं लावून सराव उरकायचा.

पण या सोयीचे दिवस मोजके दिसतात. २०२२च्या उन्हाळ्यात झर्मॅटसारख्या ठिकाणीही, जिथे एरवी वर्षभर स्कीइंग चालतं, उष्णतेमुळे ते काही काळ थांबवावं लागलं. हिमनद्या आक्रसत आहेत. म्हणून छताखालचे उतार वाढले. ऑस्लोजवळ २०२० साली असा एक मोठा हॉल सुरू झाला. दुबईच्या मॉलमधला बर्फ तर आपल्यापैकी कित्येकांनी भाड्याचे कोट घालून पाहिलेला आहे. त्या मॉलमध्ये फोटो काढताना कोणाला वाटत नाही, पण अशाच बंदिस्त उतारांवर स्लॅलमचा, म्हणजे जवळजवळ लावलेल्या गेटांमधून झटपट वळण्याचा सराव खरंच होतो.

आता माझं मत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात चिलीला नेण्याची गरज नसते. शेजाऱ्यांचा मुलगा गेला म्हणून आपला मागे पडेल ही भीती पालकांची असते. दहावीच्या क्लासचं आपल्याकडे जे झालंय, तेच तिकडे उन्हाळी शिबिरांचं झालंय. त्याच पैशात इनलाइन स्केट्स, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट्स येतात, आणि त्यांवर स्लॅलमच्या वळणांचा ताल बऱ्यापैकी शिकता येतो. पुण्या-मुंबईत संध्याकाळी स्केटिंगच्या क्लासला जाणारी मुलं नकळत याच कौशल्याचा पाया घालत असतात.

वाढणारं शरीर

या सगळ्या वेळापत्रकात एक अडचण आहे. ते मोठ्यांच्या शरीरासाठी बनलेलं आहे आणि आपल्यासमोर मूल आहे.

मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढ होते. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि कंडरा मागून येतात. काल स्कूटी चालवणाऱ्याच्या हातात आज बुलेट द्यावी तसं होतं. हात-पाय लांब झालेले असतात, पण मेंदूकडे जुनाच नकाशा. गेल्या वर्षी सफाईने वळणारी मुलगी या वर्षी अडखळते आणि घरचे म्हणतात, लक्ष नाही तिचं. लक्ष असतं. फक्त उंची वाढलेली असते.

याच काळात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडावर एक दुखरं टेंगूळ येऊ शकतं. मांडीचा ताणलेला स्नायू तिथल्या अजून कोवळ्या हाडाला ओढत राहतो. ऑसगुड-श्लाटर असं त्याचं भारदस्त नाव. बहुतेकदा ते वाढ थांबली की जातं, पण तोवर उड्यांची संख्या कमी करावी लागते. म्हणून शहाणे प्रशिक्षक दर काही महिन्यांनी मुलांची उंची मोजून ठेवतात. आजोबा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायचे, तेच काम. दोन रेघांमधलं अंतर अचानक वाढलं की उड्या आणि वजनं कमी, तोल आणि तंत्र जास्त.

वजनांचं नाव निघालं की आपल्याकडे ठरलेला आक्षेप येतो: लहान वयात वजनं उचलली तर उंची खुंटते. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य तंत्राने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते असं दिसलेलं नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही अशा व्यायामाला सुरक्षित मानतात. बारा वर्षांच्या मुलाने रिकाम्या काठीवर बैठक शिकावी, मग हलका बार, आणि तंत्र पक्कं झाल्यावरच वजन. मित्रांशी पैज लावून जास्तीत जास्त उचलणं मात्र नको.

उंचीवरून आणखी एक अन्याय होतो. वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. तेराव्या वर्षी हे अकरा महिने फार असतात. जड मूल उतारावर जास्त वेगाने जातं, जिंकतं, निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो. ऑस्ट्रियातल्या तरुण स्कीपटूंच्या अभ्यासांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त आढळलं. डिसेंबरातलं मूल कदाचित सतराव्या वर्षी पुढे गेलं असतं, पण तोवर कंटाळून दुसरीकडे वळलेलं असतं.

गुडघा, मनगट आणि डोकं

स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त भीती असते ती गुडघ्याच्या आतल्या एका दोरीची, एसीएलची. मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून ही दोरी त्यांना बांधून ठेवते. स्कीपटूचा बूट टणक असतो, घोट्याला हलू देत नाही. त्यामुळे पाऊल वाकडं झालं की सगळा पीळ वर गुडघ्यात जातो. उडीनंतर तोल मागे जाऊन टेकलं, तर बुटाची मागची बाजू नडगी पुढे ढकलते आणि दोरी तुटू शकते. तुटली की शस्त्रक्रिया आणि बहुधा एक अख्खा हंगाम बाहेर.

यावर पूर्ण उपाय नाही, पण धोका कमी करता येतो. मुलांना उडी मारून टेकायला शिकवायचं. टेकताना गुडघे आत वळत नाहीत ना, दोन्ही पायांवर भार सारखा आहे ना, आवाज किती होतो, हे पाहायचं. आमच्या भाचीच्या ड्रायलँडमध्ये मुली एका पायावर टेकतात आणि मैत्रीण मोबाइलवर समोरून चित्रीकरण करते. वयात येणाऱ्या मुलींना याची गरज जास्त, कारण अचानक वळण्याच्या आणि उड्यांच्या खेळांमध्ये त्यांच्या या दोरीला मुलांपेक्षा जास्त धोका दिसतो. मांडीच्या मागच्या स्नायूंकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं. नडगीला मागे धरून ठेवण्याचं काम तेच करतात, आणि आरशात दिसत नाहीत म्हणून सगळे त्यांना विसरतात.

स्नोबोर्डची गोष्ट वेगळी. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि उभं राहायचं आडवं. पाय स्वतंत्र पिळले जात नाहीत, त्यामुळे इजांमध्ये मनगटं, खांदे आणि डोकं पुढे. नवशिका पडताना हात टेकतो आणि मनगट मोडतो. म्हणून सुरुवातीला मनगटाचे संरक्षक आणि पडायचं कसं याचा सराव, कुस्तीत किंवा ज्यूदोत शिकवतात तसा.

हाफपाइप म्हणजे अर्ध्या कापलेल्या नळीसारखी बर्फाची घळ. तिच्या भिंती ६.७ मीटर उंच असतात, म्हणजे दोन मजली घराएवढ्या, आणि खेळाडू त्यांच्याही वर कित्येक मीटर उडतो. हवेत तीन-चार गिरक्या घेताना आपण कुठे आहोत हे कळणं, हीच इथली खरी विद्या. ती बर्फावर शिकायला गेलं तर प्रत्येक चूक हाडावर येते. म्हणून आधी ट्रॅम्पोलिन, मग हवेच्या प्रचंड गादीवर, मग बर्फावर. युटाहमधल्या ऑलिम्पिक पार्कात स्कीवर उलट्या उड्या मारणारी मुलं उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या उतारावरून थेट पोहण्याच्या तलावात पडतात. तळातून हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणजे पाणी मऊ होतं आणि मार कमी बसतो. जपानचा आयुमु हिरानो २०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकला स्केटबोर्डवर होता आणि सहा महिन्यांनी बीजिंगमध्ये स्नोबोर्डच्या हाफपाइपचं सुवर्ण घेऊन गेला. चाकांवर घालवलेले दिवस त्याच्या बर्फासाठी वाया गेले असं कोण म्हणेल?

किती लवकर, किती जास्त

इथे दोन विचार समोरासमोर येतात.

एक विचार स्की अकादमीचा. ऑस्ट्रियातल्या श्टाम्सची शाळा १९६७ची, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली बर्क माउंटन अकादमी १९७०ची. शाळा आणि सराव एकाच आवारात, अभ्यासाचं वेळापत्रक बर्फाप्रमाणे हललेलं. अमेरिकेची स्कीपटू मिकेला शिफ्रिन बर्कचीच. २०१४ साली सोचीत अठराव्या वर्षी तिने स्लॅलमचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरला शंभरावी विश्वचषक शर्यत. तिची गोष्ट सांगताना लोक अकादमीचं नाव घेतात, पण मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. लहानपणी तिच्या आई-वडिलांनी शर्यतींपेक्षा सरावावर भर दिला. इतर मुलं शनिवार-रविवार गाडीत बसून स्पर्धांना जायची, दिवसाला दोन फेऱ्या करून परतायची. ती घरच्या डोंगरावर फेऱ्यांवर फेऱ्या करायची. वर एकचाकी सायकल आणि चेंडू झेलण्याचे खेळ. वरचा सहा मिनिटांचा हिशेब आठवा. तिने ती मिनिटं वाढवली, एवढंच.

दुसरा विचार नॉर्वेचा. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, मुंबईच्या निम्म्याहून कमी, आणि २०२२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं. तिथे १९८७पासून मुलांच्या खेळासाठी लिखित नियम आहेत. अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही. तेरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तोवर खेळा, पडा, चार खेळ करून बघा. आपल्याकडच्या बालवाडीतही पहिला-दुसरा नंबर काढतात, त्या पार्श्वभूमीवर हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो.

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकात एक सोपी शिफारस आहे, ती लक्षात ठेवायला बरी: संघटित सरावाचे आठवड्यातले तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, आणि एकच खेळ वर्षातून आठ महिन्यांपेक्षा जास्त नको. तेरा वर्षांच्या भाचीला आठवड्याला तेरा तास. बारमाही तयारी म्हणजे बारा महिने स्की, असा अर्थ घेणाऱ्यांना हा आकडा खटकतो. पण दोन खेळ सांभाळूनही शिखर गाठता येतं: २०१८च्या प्याँगचँग ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तर लेडेत्स्काने स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत आणि स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलम, अशी दोन्ही सुवर्णं घेतली. पहिलं अवघ्या एका शतांश सेकंदाने.

झोप आणि जेवण याबद्दल थोडक्यात, कारण नवीन असं फार नाही. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. थंडीत आणि उंचावर तहान कळत नाही, पण हवा कोरडी असल्याने पाणी जात असतं. सगळ्यात मोठा धोका कमी खाण्याचा. सराव वाढला आणि ताट तेवढंच राहिलं, तर शरीर आधी हाडं आणि संप्रेरकं यांवरचा खर्च कापतं. मुलींची पाळी थांबणं ही त्याची मोठी खूण आहे. ती "सराव जोरात चाललाय" अशी अभिमानाची गोष्ट मानू नये, डॉक्टरांना दाखवावं. आईने साताऱ्याहून पाठवलेली दाण्याची चिक्की भाचीने एकदा खिशात घालून नेली होती. उणे पंधराला ती दगड झाली. तूप-गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी चालते, असा तिचा अनुभव.

गुलमर्गचे चार महिने

आपल्या देशात गुलमर्ग, औली आणि सोलांग इथे मुलं स्की शिकतात. गुलमर्गला चांगला बर्फ डिसेंबर ते मार्च मिळतो. तिथे वडिलांच्या स्की-साहित्याच्या दुकानाजवळच्या उतारावर चार वर्षांचा असताना सुरुवात करणारा आरिफ खान २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. मनालीजवळची आंचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्य मिळवलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. दोघांनाही बर्फासाठी परदेशी जावं लागलं. पण इथल्या मुलांना ज्याची सोय सहज करून देता येईल ती गोष्ट बर्फ नाही. एक पेटी, एक जाजम, चढ-उताराची वाट, उंची मोजायची पट्टी आणि ते सगळं कशासाठी हे जाणणारा माणूस, एवढ्यावर उरलेले आठ महिने चालतात.

ऑक्टोबरच्या शेवटाकडे कोलोरॅडोतला पहिला पट्टा उघडतो, तोही कृत्रिम बर्फाचा. पाच महिने उड्या मारलेली, पाय शिवशिवणारी पोरं वर पोचतात आणि विचारतात, गेटं कुठायत? गेटं नसतात. प्रशिक्षक सगळ्यांच्या हातातल्या काठ्या काढून घेतो, सर्वांत सपाट उतारावर नेतो आणि म्हणतो, एका पायावर, हळू, वळा. पहिले कित्येक दिवस हेच. भाचीने मागच्या वर्षी फोनवर कुरकुर केली. माझी आई मात्र खूश झाली. "तालमीत पण आमचे दादा तसंच करायचे," ती म्हणाली, "नवं पोरगं आलं की पंधरा दिवस नुसती माती उकरायला लावायचे."